तारासिस्टरच्या सहा गोळ्या

तारासिस्टर माणसाचा चेहरा बघत नसत. आधी डोळ्याची बाहुली बघायच्या, मग जीभ. चेहरा सर्वांत शेवटी, तोही वेळ उरला तर. पनवेलच्या मच्छीबाजारात कोलंबीच्या वाट्यावरून कोळणीशी वाद घालता घालता त्यांनी शेजारच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे, "उद्या सकाळी दवाखान्यात ये. घरी काय सांगू नको." तो माणूस एका बँकेत कारकून होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. दुसऱ्या दिवशी तो रांगेत होता.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांच्या एका हातात बॅटरी होती आणि दुसऱ्या हातात लाकडाची चपटी काडी. एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना होता तो, जुन्या पनवेलात तळ्याच्या बाजूला. मागच्या खोलीत गर्दचं व्यसन सोडवण्याचं काम चालायचं. दर गुरुवारी मुंबईहून एक डॉक्टर यायचे, बाकी सहा दिवस एकट्या तारासिस्टर. माझे दोन ड्रायव्हर माझ्या धाकट्या भावाला, सुभाषला, काखेत हात घालून धरून उभे होते. सिस्टरनी त्याच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि विझवली.

"टाचणीएवढी बाहुली हाय. सकाळीच ओढून आलाय. घेऊन जा, उद्या आणा."

मी म्हणालो, "अहो, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही उद्या काय सांगता?"

"मरत नाय. आज झोपंल. उद्या नाक गळंल, जांभया येतील, पाय मोडून येतील, तुमाला आईबापावरून शिव्या देल. तवा आणा. त्याच्या आधी गोळी दिली, तर जे उद्या हळूहळू यायचं ते आत्ता इथं एकदम येल."

मी ओरडायला लागलो. मी कोण आहे, माझे पळस्प्याला किती ट्रेलर उभे असतात, कोणाकोणाला मी ओळखतो, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं तोंड उघडंच हाय, शेट. आत बघायला मला बॅटरी लागत नाय."

रांगेतले सगळे गर्दुल्ले हसले. ज्यांच्या सावलीलाही मी उभा राहिलो नसतो, ते मला हसले. तो अपमान मी पुष्कळ दिवस मनात ठेवला होता. माझा स्वभावच तसा आहे. मी विसरत नाही.

सुभाष माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर मी त्याला महाडहून आणलं तेव्हा मी पळस्पे फाट्यावर टायर पंक्चरचं दुकान चालवत होतो. टायर काढता काढता मी पहिला जुना ट्रक घेतला, मग दुसरा. न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरची कामं मिळाली. हे सगळं मी भाव करून मिळवलं. टायर असो, डिझेल असो, भाडं असो, समोरच्याने पहिला आकडा सांगितला की मला तो खोटाच वाटतो. आकडा खाली आणता येतो, हे माझं सगळं शिक्षण. त्याच शिक्षणाने माझं घर उभं राहिलं आणि त्याच शिक्षणापायी माझा भाऊ माझ्या हातून मरता मरता वाचला. म्हणून हे लिहितो आहे.

बंदरात तेव्हा गेटवर दोन दोन दिवस रांग लागायची. ड्रायव्हर केबिनमध्ये बसून कंटाळायचे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, खाली काडी, वर तपकिरी पूड, आणि तोंडात कागदाची नळी. सुभाष तिथेच शिकला. मला कळलं तोपर्यंत ट्रेलरची स्टेपनी, जॅक, ताडपत्री आणि एकदा तर चालू गाडीची बॅटरी विकून झाली होती. त्याच्या अंगाला एक गोडसर, करपट वास यायचा. तो वास मी अजून विसरलेलो नाही. तो जेवत नव्हता, आंघोळ करत नव्हता, बायकोने माहेरी निघून जाताना त्याच्या ताटात लग्नाचा फोटो ठेवला, तो त्याने सरकवून ठेवला आणि चांदी कुठे आहे विचारलं. माझा भाऊ. मी त्याला बडवला, खोलीत कोंडला, देवऋषाकडे नेला. शेवटी एका डॉक्टरकडे नेला, ज्याच्या दारावर "दहा दिवसांत व्यसनमुक्ती" अशी पाटी होती.

त्या पाटीवाल्याची मला आज जितकी शिसारी येते तितकी गर्द विकणाऱ्याचीही येत नाही. विकणारा निदान औषध आहे असं म्हणत नव्हता. पाटीवाला कॅप्सूल द्यायचा. दुखण्यावरच्या कॅप्सूल, अफूच्याच जातीच्या पण दुबळ्या. गर्दच्या जागी त्या घ्यायच्या, रोज एक कमी करायची, दहाव्या दिवशी शून्य. मी घासाघीस करून दहाचे आठ दिवस केले आणि खूश होऊन घरी आलो. आठव्या दिवशी सुभाष गर्द ओढत नव्हता, हे खरं. तो दिवसाला वीस कॅप्सूल गिळत होता. मेडिकलवाले कागदाशिवाय द्यायचे. एका दुपारी यार्डात, दोन ट्रेलरच्या मध्ये, त्याला फेफरं आलं. दातखीळ बसली, टाचा जमिनीवर घासल्या गेल्या, चड्डी ओली झाली. पाटीवाला म्हणाला, पेशंटनेच पथ्य पाळलं नाही.

म्हणून मी तारासिस्टरकडे गेलो होतो, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी, अपमान गिळून, परत गेलो.

सुभाषचं नाक गळत होतं. अंगावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा होता. सिस्टरनी बॅटरी मारली. "आता बघा, बाहुली कशी रुपयाएवढी झालीय. आ कर रे. जीब वर." त्यांनी दोन बारीक पांढऱ्या गोळ्या त्याच्या जिभेखाली ठेवल्या. "गिळायची नाय. इरघळू द्यायची. इरघळेपर्यंत बोलायचं नाय." मी काही विचारायला तोंड उघडलं तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी पन."

आम्ही दोघे भाऊ बाकावर गप्प बसलो. असे शेजारी शेजारी आम्ही किती वर्षांत बसलो नव्हतो. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा बॅटरी मारून जिभेखाली बघितलं, काडी फिरवली. अर्ध्या तासाने आणखी दोन दिल्या. त्यानंतर थोड्या वेळाने सुभाषने बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, "दादा, भूक लागलीय."

मी त्याला फाट्यावर नेऊन उसळ-पाव खाऊ घातला. त्याने तीन प्लेट खाल्ल्या. मी समोर बसून बघत होतो. चार दिवसांत त्याचं माप सहा गोळ्यांवर ठरलं. रोज सकाळी सहा.

तारासिस्टर उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या. घरची खारजमीन होती, बाप भाताबरोबर मिठागरातही राबलेला. नर्सिंग शिकल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पांढरी साडी, पायात रबरी स्लीपर, कानात सोन्याच्या जाड कुड्या. डॉक्टरांशी बोलतानाही त्यांची भाषा गावचीच असायची. एकदा संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की पाहुणे येणार आहेत, जरा शुद्ध बोला. त्या म्हणाल्या, "मी शुद्ध बोलले तर हे लोक खरं बोलायचे बंद व्हतील."

मला त्या बाईंबद्दल विश्वास वाटला तो त्यांनी औषधाची तारीफ केली नाही म्हणून. मी धंदेवाला आहे, माल विकणारा कसा बोलतो मला ठाऊक आहे. एकदा मी विचारलं, कॅप्सूलमध्ये आणि तुमच्या गोळीत फरक काय? दोन्ही अफूचीच बाळं ना?

"व्हय, एकाच घरची. पन कॅप्सूल वीस गिळली तर वीसपट चढते, आणि वर फेफरं. ह्या गोळीला छप्पर हाय. एका उंचीच्या वर जातच नाय. आणि ती जागा धरते. एस्टीत तुमी खिडकीतून रुमाल टाकता ना? तशी ही अंगात जाऊन रुमाल टाकते. मंग वरून गर्द आला तरी त्याला बसायला जागा नाय. पहिल्या दिवशी तुमाला परत धाडलं ते त्याच्यासाठीच. गर्द बसलेला असताना ही गेली तर त्याला कानाला धरून उठवते. मंग जो गोंधळ व्हतो तो तुमी बघितला नाय ते बरं झालं."

"म्हणजे ही चांगली?"

"ही पन काय अमृत नाय. लोक तोंडातनं काढतात, कुटतात, पान्यात घालून सुईनं टोचतात. म्हनून तर बॅटरी. डॉक्टर सांगतात, बाहेरच्या देशात पातळ औषध देतात, दिवसाला एक घोट, ते आनखी दांडगं. पन त्याला छप्पर नाय, जास्त घेतलं तर श्वासच थांबतो. आनि आपल्याकडं ते मिळतच नाय. जे हाय ते हे."

"आणि काहीच न देता कोरडं सोडवलं तर?"

"सुटतो की. आठ दिवसांत सुटतो. मंग परत धरतो. तुमी खांड बघितलीय कवा?"

मी घाटाखालचा असलो तरी खाडीचा नाही. त्यांनी समजावून सांगितलं. खाडीच्या भरतीने खारजमिनीचा बांध फुटतो, त्याला खांड म्हणतात. खांड पडली की सगळा गाव चिखलाचे गोळे घेऊन धावतो. पाणी आत असताना शेत उपसत बसत नाहीत, आधी खांड बुजवतात. आणि बुजवल्यावर बांध विसरून जात नाहीत. दर उधाणाला जाऊन बघतात. "बांध किती दिवसांत बरा व्हतो, असं आमच्यात कोन विचारत नाय," त्या म्हणाल्या.

मी मात्र विचारत होतो. दर आठवड्याला विचारत होतो.

सुभाष सुधारला. चार महिन्यांत अंग भरलं, बायको परत आली, तो पुन्हा ट्रेलर चालवू लागला. सकाळी पहिली चक्कर दवाखान्यात, मग बंदर. आणि तेवढ्यात मला ती चक्कर खुपायला लागली. रोज त्या रांगेत माझा भाऊ उभा राहतो. पुढे एक खरजेने भरलेला, मागे एक पाकीटमार. बाकावर थुंकी, कोपऱ्यात विड्यांची थोटकं. एका शिपिंग एजंटने यार्डात बसून चहा पिता पिता विचारलं, "तुमचा भाऊ रोज सकाळी तळ्याकडे कशाला जातो हो?" माझी कानशिलं तापली. गर्द सुटला ना? मग ही गोळी कशाला? एक लाचारी गेली आणि दुसरी आली, असं मला वाटलं. असं बोलणारे शहाणे मला पुढे पुष्कळ भेटले आणि प्रत्येक वेळी मला माझंच तोंड दिसलं.

मी भाव करायला लागलो.

"सिस्टर, सहाच्या चार करा."

"पाच करून बघितल्या शेट, मागच्या महिन्यात. नाक गळायला लागलं त्याचं. मंग सहा."

"नाक गळतं तर गळू दे. रुमाल देतो."

"तुमी कोनाशी घासाघीस करताय? मी नुसती देनारी. समोरची पार्टी त्याचं अंग हाय. अंगाला विचारलं काय?"

त्या ऐकेनात म्हणून मी गुरुवारच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना दोन मागितल्या, म्हणजे चारवर तुटेल, हा माझा नेहमीचा हिशेब. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, सहा महिने जाऊ द्या, मग अर्धी अर्धी उतरवू. सुभाषला समोर उभं करून मी विचारलं, "तुला चारवर काही होईल का रे?" तो म्हणाला, "नाही दादा." माझ्या शब्दाबाहेर तो आयुष्यात कधी गेलेला नव्हता, आणि सिस्टर त्याच्या डोळ्याकडे बघत होत्या. "हे 'नाय' तुमचं हाय, शेट," त्या म्हणाल्या. "त्याचं नाय."

मी चिडलो. घरी येऊन संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. आपली नर्स पेशंटला बरं करण्याऐवजी महिनोन् महिने गोळ्यांवर ठेवते, एका नशेच्या जागी दुसरी लावते, धर्मादाय संस्थेत हे शोभतं का, वगैरे. खाली सही केली. मला वाटलं होतं, अध्यक्ष सिस्टरला बोलावून दटावतील आणि माझ्या भावाच्या दोन गोळ्या कमी होतील. मला एवढंच हवं होतं.

अध्यक्ष म्हणजे धोतराच्या सोग्याने नाक झाकून त्या मागच्या खोलीत जाणारा गृहस्थ. ती रांग त्यांना पहिल्यापासून नकोच होती. माझं पत्र त्यांना देवासारखं वाटलं असणार. कार्यकारिणीत त्यांनी ते मोठ्याने वाचलं. एका पेशंटच्या सख्ख्या भावाची तक्रार! ठराव झाला: यापुढे कोणालाही सहा आठवड्यांपेक्षा जास्त गोळी नाही. जे जुने आहेत त्यांची महिन्यात बंद.

मी कबूल करतो, ठराव कळला तेव्हा मला आनंद झाला. मागितलं त्यापेक्षा जास्त मिळालं होतं. असा सौदा क्वचित होतो. सहाच्या चार, चारच्या दोन, दोनची एक आणि मग शून्य. सुभाषला झोप येत नव्हती, तो रात्रभर पाय घासत पडायचा आणि सकाळी म्हणायचा, "काही नाही, दादा." शून्य झालं त्या दिवशी मी दवाखान्यात पेढे घेऊन गेलो. सिस्टरनी पेढा घेतला, टेबलावर ठेवला आणि पुढच्या माणसाला म्हणाल्या, "आ कर."

पाचव्या आठवड्यात एका दुपारी बंदराच्या रस्त्यावर आमचा ट्रेलर कडेला उभा दिसला, इंजिन चालू. मी केबिनवर चढलो. सुभाष स्टिअरिंगवर आडवा होता. ओठ जांभळे. श्वास येत होता, पण पुढचा येईल की नाही कळत नव्हतं इतका उशिरा. पायाशी ती चांदी. तोच वास. मी त्याला गाडीत टाकून सरकारी दवाखान्यात नेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिलो. तारासिस्टरना कोणी सांगितलं कोण जाणे, त्या आल्या. मला वाटलं आता बोलतील. माझी तयारीही होती. मी उलट काय बोलणार तेही ठरवून ठेवलं होतं. त्या माझ्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या मापानं ओढला असंल त्यानं. अंग आता त्या मापाचं राहिलं नव्हतं."

त्याच महिन्यात रांगेतला उरणचा एक क्रेन चालवणारा गेला. त्याच्या केबिनवर चढायला कोणी नव्हतं. त्याची सही माझ्या पत्रावर नव्हती, त्याचा जीव मात्र त्या पत्राखाली गेला. यात घासाघीस करण्यासारखं काही नाही. मी करून बघितली आहे.

सुभाष वाचला. तिसऱ्या दिवशी, बाहुली मोठी झाल्यावर, सिस्टरनी त्याला खोलीत घेतला, दार लावलं आणि जिभेखाली गोळ्या ठेवल्या. ठराव मोडून. कपाटातल्या गोळ्यांचा हिशेब त्यांनी वहीत खोट्या नोंदी करून जुळवला नाही. उलट वहीत स्पष्ट लिहिलं, सुभाषचं नाव, तारीख, गोळ्या, खाली आपली सही. लपवून दिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मी तसं म्हणालोही. "लपवून दिली तर ती गर्द झाली, शेट," त्या म्हणाल्या. "लिवून दिली तर औषद."

पंधरा दिवसांनी अध्यक्षांनी वही मागवली आणि त्यांना काढून टाकलं. काढण्याच्या पत्रात माझ्या तक्रारीचा उल्लेख होता. "पेशंटच्या नातेवाइकांकडून यापूर्वीही." सिस्टरनी ते पत्र मला दाखवलं नाही. डॉक्टरांनी दाखवलं, आणि त्याच दिवशी त्यांनी संस्थेचा गुरुवार सोडला.

आठ दिवस मी काही खाल्लं तरी तोंडात गर्दचा वास यायचा, न ओढताच. मग मी त्यांच्या गावी गेलो. त्या अंगणात सुकट वाळत घालत होत्या. मी म्हणालो, पळस्प्याला माझ्या यार्डाच्या बाजूला पक्की खोली आहे, बाकं करून देतो, डॉक्टर आपल्या नावावर दवाखाना काढायला तयार आहेत, त्यांचा परवाना, त्यांची जबाबदारी. तुम्ही फक्त या. आणि मग सवयीने म्हणालो, "सकाळी दोन तास आलात तरी चालेल."

"चार तास येन," त्या म्हणाल्या. "रांग लांब हाय."

"बरं, चार."

"भिंतीवर दिवसांची पाटी नाय लावायची. इतक्या दिवसांत बरा, तितक्या दिवसांत बरा."

"नाही लावत."

"आनि सुभाषच्या गोळ्या किती, ते तुमी विचारायचं नाय. मला नाय, डॉक्टरांना नाय, त्याला तर नायच."

त्यांनी सुकट उलटी केली. मी हो म्हणालो. आयुष्यात मी इतका वाईट सौदा दुसरा केला नाही. समोरून एकही पायरी खाली आली नाही.

मी वाट बघत होतो की त्या कधीतरी पत्राबद्दल बोलतील. भांडतील, टोमणा मारतील. माझ्यासारख्या माणसाला भांडण सोयीचं पडतं. त्यांनी ती सोय मला कधीच करून दिली नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे. एकदा मीच विषय काढला. त्या एका क्लीनरच्या तोंडात बघत होत्या. म्हणाल्या, "शेट, बाजूला व्हा, उजेड अडतोय."

सहा वर्षं त्यांनी त्या खोलीत काम केलं. शेवटी साखरेने पाय गेला, मग त्या गेल्या. त्यांच्या मागे त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक नर्स आहे. तीही आधी बाहुली बघते.

त्यांची शोकसभा मात्र भरवली त्याच संस्थेने. हेच मला लिहायचं होतं. तळ्याकाठचा तो हॉल, टेबलावर सिस्टरचा हार घातलेला फोटो, उदबत्त्या. त्यांना काढून टाकणारे अध्यक्ष माइकवर उभे. "आमच्या संस्थेची कन्या." "शेकडो तरुणांना त्यांनी संपूर्ण, अगदी संपूर्ण व्यसनमुक्त केलं." "आज ते सगळे कुठल्याही औषधाशिवाय सुखाचं जीवन जगत आहेत." लोक मान डोलावत होते. मेलेल्या बाईच्या जिभेखाली काहीही ठेवावं, ती आता काडी फिरवायला येत नाही.

माझ्या शेजारून सुभाष उठला. तो चारचौघांत बोलणारा नाही. ट्रेलर उलटा घेतानाही हात दाखवत नाही, नुसता आरशात बघतो. तो माइकपर्यंत गेला नाही. जागेवरूनच बोलला.

"मी सुभाष. ट्रेलर चालवतो. साहेब म्हणाले, सिस्टरनी सगळ्यांना बरं केलं. मला नाही केलं. मी रोज सकाळी अडीच गोळ्या जिभेखाली ठेवतो. आज सकाळीपण ठेवल्यात. इथे तुम्ही त्या बंद केल्या होत्या, तेव्हा मी मेलो होतो. सिस्टरनी परत दिल्या म्हणून तुम्ही त्यांना काढलंत. मला दोन पोरं आहेत. एवढंच."

सुभाषच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या गृहस्थाने आपले गुडघे हळूच आत घेतले, बसमध्ये घाणेरडा माणूस शेजारी बसला की घेतात तसे. मी ते बघितलं. अध्यक्षांनी रुमाल काढला आणि म्हणाले, "त्यांच्या भावना आपण समजू शकतो. पण त्या वेळी आमचाही नाइलाज होता. पेशंटच्या घरच्यांचीच लेखी तक्रार होती."

सुभाष खाली बसला होता. ती तक्रार कोणाची, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत बसला, फोटोकडे. अध्यक्षांनी नाव घेतलं नव्हतं आणि ते घेणारही नव्हते. मी गप्प बसलो असतो तर झाकून गेलं असतं. समोरच्या माणसाने झाकून दिलेलं मी कधी उघडलेलं नाही. धंद्यात तो मूर्खपणा असतो.

मी उभा राहिलो. "तक्रार माझी होती," मी म्हणालो. "खोटी होती. मला माहीत नव्हतं मी काय लिहितोय, आणि तुम्ही ती वापरलीत कारण तुम्हाला ती रांग नको होती. उरणचा जो माणूस गेला, तो तुमच्या आणि माझ्या सहीने गेला. फोटोला हार घालून ते जात नाही."

कोणीतरी "बसा, बसा" म्हणालं. कोणीतरी पंखा वाढवला. अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना केली आणि सगळे खुर्च्या वाजवत उभे राहिले. आम्ही दोघे त्यात बाहेर पडलो.

गाडीपाशी आल्यावर सुभाष म्हणाला, "दादा, एवढ्या लोकांत कशाला?"

"मग तू कशाला?"

त्याने खांदे उडवले, दार उघडलं आणि गाडी चालू केली. मी शेजारी बसलो. अडीच. सहावरून अडीच, सहा वर्षांत, आणि मला न विचारता. माझ्या डोक्यात लगेच आलं, अडीच का, दोन का नाही? इतकी वर्षं झाली तरी डोक्यातला तो भाव करणारा मेला नाही. मी खिडकीची काच खाली केली आणि तोंड बंद ठेवलं. पळस्प्यापर्यंत तोच चालवत होता.